घंगाळातली पांढरी रेघ

माझ्या आतल्या बाजूला, तळापासून चार बोटे वर, एक पांढरी रेघ आहे. ती पूर्ण गोल आहे, कुठेही तुटलेली नाही. रुंदी नखाच्या कडेएवढी. बोट फिरवले तर खरखरीत लागते. तिच्याखाली आणखी काही वलये आहेत, पण ती इतकी फिकट आहेत की उजेड तिरका पडला तरच दिसतात. ही रेघ कोणी काढलेली नाही. आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. असे पाणी भांड्यात साचून राहिले आणि हळूहळू उडून गेले, की त्यातला चुना मागे उरतो. पाणी कुठपर्यंत होते, ते तो लिहून ठेवतो.

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे घंगाळ आहे. वय सव्वाशेच्या आसपास. काठाला दोन कड्या, आतून कल्हई, बाहेरून आता काळपट हिरवे. कॅनडातल्या एशेनाउ नावाच्या लहान गावात, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीच्या प्रार्थनाघरात मी पासष्ट वर्षे काम केले. मग त्याच प्रार्थनाघरामागच्या घोडागाड्यांच्या शेडमध्ये तेहतीस वर्षे पडून राहिले. त्या दोन काळांच्या मधोमध ही रेघ आहे.

माझा जन्म रशियाच्या दक्षिणेकडच्या गवताळ मैदानात झाला. एका तांबटाने मला एकाच पत्र्यातून ठोकून काढले. त्याच्या हातोडीचे ठसे माझ्या अंगावर अजून मोजता येतात, तळाकडे दाट आणि काठाकडे विरळ. सारा हेप्नर नावाच्या मुलीच्या लग्नात मी तिच्या घरी आले. तिने माझ्यात सहा बाळांना आंघोळ घातली. त्यांतली चार जगली. दर शनिवारी राखेने घासून मला उन्हात उपडे घालत, आणि शेजारणी म्हणत, "साराच्या घंगाळात बघून भांग पाडावा."

साराच्या लोकांचा एक नियम होता. शस्त्र हाती धरायचे नाही. कोणाविरुद्ध नाही, कोणाच्या हुकमावरूनही नाही. राजाने फौजेत भरतीचा कायदा आणला, तेव्हा ते राजाशी भांडले नाहीत. त्यांनी घरे विकली, पाव पुन्हा भाजून कोरडे केले, ते पोत्यांत आणि माझ्यात भरले आणि समुद्र ओलांडला. बोटीवर माझ्यातले पाव सतराव्या दिवशी संपले. त्यानंतर लोक माझ्यात ओकू लागले. हे मी लपवत नाही. तेही कामच होते.

एशेनाउचा पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या घरात काढला. बर्फ वितळवायचा तो माझ्यात, कणीक भिजवायची ती माझ्यात, तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावरची पट्टी पिळायची तीही माझ्यात. सहा वर्षांनी लाकडी प्रार्थनाघर उभे राहिले. पुरुषांना एक दार, बायकांना दुसरे, मधोमध मोठी शेगडी, भिंती पांढऱ्या आणि रिकाम्या. त्या दिवशी साराने मला स्वतः उचलून बायकांच्या दाराने आत आणले.

"हे आता माझं नाही," ती म्हणाली. "मंडळीचं."

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत अभिमानाचा दिवस होता. अर्थात एशेनाउत अभिमान हा शब्द कोणी चांगल्या अर्थाने वापरत नाही.

माझे काम वर्षातून दोनदा येई, वसंतात आणि पानगळीत. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, झाले की लोक एकमेकांचे पाय धूत, जसे येशूने शिष्यांचे धुतले होते. पुरुषांसाठी लाकडी टब होता, बायकांसाठी मी. जोडीदार निवडायचा नसे. बाकावर जी शेजारी बसली असेल तिचे पाय आपण धुवायचे आणि तिने आपले. कमरेला पंचा बांधायचा, गुडघे टेकायचे, धुवायचे, पुसायचे, मग उठून तिच्या गालाला ओठ टेकवायचे आणि म्हणायचे, "देव तुला सांभाळो."

त्याला एक अट होती. मनात कोणाविषयी राग असेल तर त्या बाकावर बसायचे नाही. म्हणून आधीच्या आठवड्यात डिकन, म्हणजे मंडळीची कामे पाहणारा माणूस, घरोघरी जाऊन विचारी, "सगळ्यांशी शांती आहे ना?" लोक म्हणत, "आहे." बहुतेक वेळा ते खरे असे. कधी कधी डिकन फाटकाबाहेर पडला की घरातला माणूस टोपी शोधी आणि शेजाऱ्याकडे निघे. मला नंतर बायकांच्या कुजबुजीतून ते कळे. तेव्हा वाटे, पाणी भरण्याआधीच माझे काम सुरू झाले.

साराच्या दोन नाती होत्या. थोरली युस्टिना, धाकटी अगाथा. दोघींत चार वर्षांचे अंतर. लहानपणापासून त्या एकाच बाकावर बसत, त्यामुळे वर्षातून दोनदा एकमेकींचे पाय धुणे त्यांच्याच वाट्याला येई. अगाथाच्या तळव्यांना फार गुदगुल्या होत.

"ताई, हळू ना!" ती ओठ घट्ट मिटून पुटपुटे.

"पाय आहे की ससा? स्थिर ठेव."

"तू मुद्दाम करतेस."

"गप. समोर बघ. सगळे रडवेले बसलेत आणि तू हसतेस."

मग दोघींचे खांदे हलू लागत आणि माझ्यातल्या पाण्यावर बारीक लाटा उठत. पुरुषांच्या बाजूने कोर्नेलियुस रेम्पल खाकरे. तो युस्टिनाचा नवरा, आणि पुढे मंडळीचा डिकन झाला.

कोर्नेलियुस वाईट माणूस नव्हता. माझ्यासाठी पाणी तापवताना तो कोपर बुडवून ऊब पाही, तान्ह्या बाळाच्या आंघोळीसाठी पाहतात तशी. पण नियम कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे त्याला कधी दिसले नाही.

मग दुसरे महायुद्ध आले. ते पेटलेले असतानाच अगाथाचा मुलगा पीटर एकोणीस वर्षांचा झाला. मंडळीतल्या इतर तरुणांनी सरकारला सांगितले की आम्ही लढणार नाही, आणि ते जंगलात रस्ते बांधायला गेले. पीटरही लढणार नव्हता. पण तो फौजेच्या इस्पितळ पथकात भरती झाला. बंदूक त्याने घेतली नाही, गणवेश मात्र घातला. गावातल्या अर्ध्या लोकांना त्याचे बंदूक न घेणे दिसले आणि अर्ध्यांना गणवेश.

युद्ध संपल्यावर, १९४६च्या उन्हाळ्यात, तो परत आला. पानगळीच्या प्रभुभोजनाआधी कोर्नेलियुस नेहमीप्रमाणे घरोघरी फिरला. या वेळी "शांती आहे ना?" याला अनेक घरांतून उत्तर आले नाही. तेव्हा ठरले की पीटरने सर्वांसमोर उभे राहून चूक कबूल करावी, म्हणजे विषय मिटेल.

त्या रविवारी मी भरून तयार होते. पाणी चार बोटे खोल, कोमट.

"पीटर," कोर्नेलियुस म्हणाला, "एवढंच म्हण की चुकलं. पुढं कोणी एक शब्द विचारणार नाही."

पीटर उभा राहिला. तो पूर्वीपेक्षा बारीक झाला होता.

"काका, मी दोनशे तेरा माणसं स्ट्रेचरवरून उचलून आणली. मोजायचो, कारण मोजत राहिलं की भीती कमी वाटायची. त्यातल्या कोणाला उचलायला नको होतं तेवढं सांगा. त्याच्यापुरतं चुकलं म्हणतो."

"अंगावर गणवेश कोणाचा होता?"

"कोणाचा होता माहीत नाही. माझ्या मापाचा नव्हता."

मागच्या बाकावर याकोब उनराउ हसला. याकोब प्रार्थनाघराची राखण करी, शेगडी पेटवी, किल्ल्या सांभाळी. त्याच्याशिवाय कोणी हसले नाही. पीटरने खुंटीवरची टोपी घेतली आणि तो पुरुषांच्या दाराने शांतपणे बाहेर गेला. कोर्नेलियुसने मंडळीच्या सभासदांच्या नावांची वही उघडली. पीटरच्या नावावर पट्टी ठेवून त्याने सरळ रेघ ओढली. पीटर आता मंडळीत नव्हता.

आणि मग, मित्रांनो, पाय धुणे सुरू झाले. क्रम ठरलेला होता आणि तो मोडायचे कोणाला सुचले नाही.

युस्टिना गुडघ्यांवर बसली. अगाथाचा उजवा पाय माझ्यात होता.

"ताई," अगाथा म्हणाली. तिने आवाज खाली आणला नव्हता. "तू सांग. माझ्या पोराचं चुकलं का?"

पाण्यातली युस्टिनाची बोटे थांबली. सगळे पाणी हळूहळू स्थिर होत गेले. युस्टिनाने मान वळवून पुरुषांच्या बाकांकडे पाहिले. कोर्नेलियुस डोळे मिटून बसला होता.

"अगं, आत्ता नको," ती म्हणाली.

"मग कधी?"

मी युस्टिनाच्या अगदी जवळ होते. तिचे ओठ उघडलेले मी पाहिले, आणि मिटलेलेही.

अगाथाने पाय बाहेर काढला. ओल्या पायावरच लोकरीचा मोजा चढवला, तो टाचेवर अडकला, तिने तो ओढून घेतला. "पंचा राहू दे तुझा कोरडा," ती म्हणाली, आणि बूट हातात घेऊन बायकांच्या दाराने निघून गेली. तिच्यामागे एकामागून एक चाळीस माणसे उठली. थोड्या वेळाने उरलेलेही उठले.

पाणी माझ्यात तसेच राहिले.

गेलेल्यांना वाटले, राहिलेले ओततील. राहिलेल्यांना वाटले, ज्यांनी मध्येच सोडले त्यांनी येऊन ओतावे. तीन आठवडे प्रार्थनाघर बंद होते. पाणी रोज तिळातिळाने कमी होत होते आणि जिथून ते सुरू झाले होते तिथे चुना धरत होता. मग थंडीची लाट आली आणि उरलेले पाणी गोठले. गोठताना पाणी फुगते. माझा तळ मधोमध किंचित बाहेर आला. तेव्हापासून सपाट जमिनीवर ठेवले की मी डुगडुगते.

त्या हिवाळ्यात दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसे सामानाची वाटणी करायला आली. बाक अर्धे-अर्धे झाले, गाण्यांची पुस्तके झाली. शेवटी ते माझ्याभोवती उभे राहिले. मला वाटले, आता माझ्यावरून भांडतील. मी थोडे खूशही झाले होते.

"हे तुम्ही न्या," कोर्नेलियुस म्हणाला.

"छे, छे. तुम्हीच ठेवा. आम्ही हक्क सांगणार नाही."

"आम्हीही सांगणार नाही. सारा हेप्नर तुमच्या अगाथाची आजी."

"तुमच्या युस्टिनाचीही तीच आजी."

"तरी तुम्ही न्या. आम्हाला त्यावरून वाद नको."

"वाद आम्हालाच नको आहे. म्हणून तर म्हणतो, ठेवा."

दाराशी याकोब सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता. तो म्हणाला, "वा! नम्रतेची कुस्ती. दोघंही पाठ टेकायला तयार, आधी कोण पडतो एवढाच प्रश्न."

"याकोब, हा चेष्टेचा विषय नाही."

"मी कुठं चेष्टा करतोय? मी पंच आहे. बरोबरीत सुटली."

आणि त्याने मला, आतल्या बर्फासकट, उचलून शेडमध्ये नेले. इतर लोकांनी वस्तूवर हक्क सांगून वस्तू गमावल्या असतील. या लोकांनी हक्क न सांगून मला गमावले.

चाळीस जणांनी रस्त्यापलीकडे नवे प्रार्थनाघर बांधले. दोन दारांमधले अंतर दोनशे दहा पावले. याकोबने मोजले होते. दोन्हीकडे एनॅमलचे नवे टब आले. याकोब एका रविवारी इकडे जाई, एका रविवारी तिकडे. कोणी विचारले तर सांगे, "उपदेश दोन्हीकडं सारखाच. तिकडचे पाव बरे असतात." त्याने मला बर्फ काढून पुसले आणि माझ्यात सूर्यफुलाच्या बिया साठवू लागला. अधूनमधून उंदीर येत. शेडच्या फटीतून मला रस्ता दिसे. लग्ने दिसली, शवपेट्या दिसल्या, आणि वर्षागणिक दोन्ही दारांतून आत जाणारी माणसे कमी होताना दिसली.

दोघी बहिणी रस्त्यात भेटत. फटीतून ऐकू येई.

"थंडी पडली."

"पडली."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

तेवढेच. अगाथा आजारी असली की युस्टिना आलुबुखाराचे सूप करी, पण कोणाच्या तरी हाती पाठवी. भांडे घासून परत येई, त्यात अगाथाने भाजलेले चार पाव असत. दोघींचे एवढे बोलणे चाले.

बावीस वर्षांनी कोर्नेलियुस वारला. अगाथा अंत्यविधीच्या प्रार्थनेला आली, शेवटच्या बाकावर बसली आणि नंतरच्या कॉफीला न थांबता निघून गेली. पुढच्या पानगळीत, पाय धुण्याच्या आदल्या दिवशी, शेडचे दार उघडले आणि युस्टिना आत आली. माझ्यातल्या बिया बाजूला सारून तिने त्या रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाली, "अगाथे, पीटरचं..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "अगाथे, त्या दिवशी मी..." आणि पुन्हा थांबली.

तेवढ्यात याकोब आला.

"बियांशी बोलतेस?"

"तुझं काय जातंय?"

"माझ्या बिया आहेत, म्हणून विचारलं. जे त्यांना सांगतेस ते रस्त्यापलीकडं सांग की. दोनशे दहा पावलं."

"आता कसं सांगू? कोर्नेलियुस गेल्यावर लगेच तोंड उघडलं, तर लोक म्हणतील नवरा मरायची वाट बघत होती."

"आणि नाही उघडलंस तर?"

"पुढच्या वर्षी बघू," युस्टिना म्हणाली.

मित्रांनो, ती दर पानगळीत येत राहिली. अकरा वर्षे मी ते अर्धे वाक्य ऐकले. पीटर दूरच्या शहरात इस्पितळात काम करत होता, वर्षातून एकदा आईला भेटायला येई, आणि वहीत त्याच्या नावावर रेघ तशीच होती. पीटरचे काही चुकले नव्हते, हे युस्टिनाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ते माहीत असूनही तोंडातून निघत नव्हते, हेच तिचे दुःख होते.

मला काही मागायचे असेल तर ते एवढेच. मला राखेने घासा, चिंचेने घासा, असे मी म्हणणार नाही. चकाकीवाचून भांड्याचे काही अडत नाही. पण भांड्यात पाणी उरले तर ते ओतून टाका. दुसरे कोणी ओतेल म्हणून सोडून जाऊ नका. पहिल्या दिवशी ते ओतायला एक माणूस आणि अर्धे मिनिट पुरते. नंतर त्याची रेघ होते, आणि रेघ पाण्याने जात नाही.

१९७९ उजाडले. तेव्हा दोन्ही मंडळ्या मिळून एकोणपन्नास माणसे उरली होती. दोघांचा पाळक एकच होता, फाल्क नावाचा तरुण. तो नऊ वाजता इकडे उपदेश करी, मग रस्ता ओलांडून अकरा वाजता तिकडे. दोन्ही मंडळ्या एक करायच्या, याची चर्चा सात वर्षे चालली होती. कोणती इमारत ठेवायची ते ठरले. गाण्याचे पुस्तक ठरले. कॉफीचे मोठे पातेले कोणाचे वापरायचे, तेही ठरले. अडले होते ते वहीतल्या एका रेघेपाशी: पीटरचे नाव परत लिहायचे का. पलीकडचे म्हणत, "आम्ही मागणार नाही. द्यायचं असेल तर त्यांनी द्यावं." अलीकडचे म्हणत, "मागितलं तर आज देऊ. न मागता दिलं तर आपणच मोठे झाल्यासारखं होईल." ही तीच जुनी कुस्ती होती.

पानगळीत शनिवारी दुपारी जुन्या प्रार्थनाघरात दोघांची एकत्र बैठक ठरली. आता बायकाही मत देत. त्या दिवशी सकाळी युस्टिना शेडमध्ये आली. ती एकोणऐंशी वर्षांची होती, हातात काठी होती. याकोब कोपऱ्यात खुर्च्या पुसत होता.

"अगाथेला पाहिलंस?" त्याने विचारले.

"लांबून."

"पाय सुजलेत तिचे. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. हृदयाचं आहे. डॉक्टर म्हणाले, बर्फ वितळेपर्यंत राहिली तर नशीब. पीटर आलाय. दुपारी तिला घेऊन येणार आहे."

युस्टिनाने काठी माझ्याकडे रोखली.

"याकोब, ते घंगाळ काढ."

"आणि बिया कुठं ओतू?"

"कुठंही ओत. खिशात भर."

त्याने मला बाहेर विहिरीवर नेले. तिने खाली बसून मला घासले. सगळी धूळ गेली, उंदरांची घाण गेली. रेघ राहिली.

"व्हिनेगर लाव," याकोब म्हणाला. "पाच मिनिटांत जाईल."

"राहू दे ती."

दुपारी प्रार्थनाघर बऱ्याच वर्षांनी भरले होते. मला स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवले होते, दार उघडे होते. फाल्क पाळक कागदावरून मुद्दे वाचत होता. तिसऱ्या मुद्द्याशी तो आला आणि पुन्हा तेच सुरू झाले.

"आम्ही मागत नाही."

"आम्ही नाकारत नाही."

"मग लिहा ना."

"मग मागा ना."

युस्टिनाने किटलीतले गरम पाणी माझ्यात ओतले, मग गार. कोपर बुडवून ऊब पाहिली. पाणी रेघेपर्यंत आले तेव्हा तिने हात थांबवला. याकोबने एक कडी धरली, तिने दुसरी. आम्ही तिघे बायकांच्या बाकांमधून पुढे निघालो. पाणी थोडे सांडले. बोलणे एकेका बाकावर थांबत गेले.

अगाथा पहिल्या बाकावर होती, पाय पातळ चपलांमध्ये. बुटांत ते मावत नव्हते. शेजारी पीटर बसला होता, केस पांढरे झालेला. मला तिच्यासमोर ठेवले. मी डुगडुगले. पीटरने वाकून माझा काठ धरला आणि मी स्थिर झाले.

"भगिनी रेम्पल," फाल्क पाळक हळूच म्हणाला, "आपण अजून तिसऱ्या मुद्द्यावर आहोत."

"मीही तिथंच आहे," युस्टिना म्हणाली.

तिने काठी बाकाला टेकवली. कमरेला पंचा बांधला. मग एक हात बाकावर ठेवून ती खाली बसू लागली. एक गुडघा टेकला, बऱ्याच वेळाने दुसरा.

"ताई, गुडघे जातील तुझे," अगाथा म्हणाली.

"गेलेलेच आहेत. पाय दे."

अगाथाने पाय दिला नाही. ती पाण्याकडे पाहत होती, आणि पाण्याच्या काठाशी दिसणाऱ्या त्या पांढऱ्या रेघेकडे.

"तुला काहीतरी विचारलं होतं मी," ती म्हणाली. "इथंच."

"आठवतं."

"मी अजून तिथंच बसले आहे, ताई."

कोणी खाकरले नाही. पुरुषांच्या बाजूला जी जागा कोर्नेलियुसची होती, तिथे आता दुसरे कोणीतरी बसले होते. युस्टिनाने तिकडे पाहिले नाही. तिची बोटे माझ्या पाण्यात होती. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. तिचे ओठ उघडले. मला वाटले, आता ती म्हणेल, "अगाथे, पीटरचं..." आणि थांबेल.

"पीटरचं काही चुकलं नव्हतं," युस्टिना म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली. "मला तेव्हाही माहीत होतं. मी भ्याले. फाल्क, ती वही काढ. त्याचं नाव परत लिही. आणि ते लिहायचं नसेल, तर त्याच रेघेनं माझंही खोड."